डाव्या जोड्यातली गादी

लोक जोडे देताना माझ्या नवऱ्याचं कौतुक करायचे आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. "ठाणेदार होता हो. काय रुबाब होता. आणि आता बघा, संगतीचे जोडे पुसतोय." संगत म्हणजे गुरुद्वाऱ्यात जमणारे भाविक. तिथल्या जोडाघरात मी खिडकीशी बसून पितळी बिल्ले द्यायची. तो आत, भिंतीकडं तोंड करून, मांडीवर फडकं टाकून बसायचा. खिडकीत ये म्हटलं तर यायचा नाही. मला वाटायचं, केवढी ही नम्रता. नवऱ्याबद्दल चांगलंच मानायचं असं एकदा ठरवलं की बाई किती आंधळी होते, ते माझ्याकडं बघून कळावं.

हे माझं माहेरचं गाव. मला भाऊ नाही, म्हणून बापाची जमीन माझ्या नावावर आली, आणि नोकरी संपल्यावर माझा नवरा मोहकम सिंग इथंच राहायला आला. जावयानं सासुरवाडीत राहणं हा आमच्या पंजाबात हसायचा विषय. पण त्याला कुणी हसलं नाही. गावच्या लेकीचा नवरा हा सगळ्या गावाचा जावई असतो. मला गाव आत्या म्हणायचं आणि त्याला फुफ्फडजी, म्हणजे आत्याचे यजमान. वाईट दिवसांत, एका बाजूनं बंदूकवाली पोरं आणि दुसऱ्या बाजूनं पोलीस, अंधार पडला की या भागात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नसे, तेव्हा गावाला एवढाच धीर होता की कालव्यापलीकडच्या ठाण्यात आपले फुफ्फडजी आहेत.

त्या दिवसांत आमच्या गावातून दोन पोरं पोलिसांनी उचलली. आधी अजायब, मग त्याचा जिवलग मित्र रेशम. अजायब परत आला, मोडून. रेशम आलाच नाही. त्याची आई बचनी माझी लहानपणची मैत्रीण. आम्ही एका विहिरीवर पाणी भरलं, एका उन्हात कापूस वेचला. अजायबनं मार खाऊन तोंड उघडलं, रेशमचं नाव सांगितलं, म्हणून रेशम गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बचनीला ते मीच सांगितलं होतं. मला मोहकमनं सांगितलं होतं.

संगरांदेला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी, लंगरात बचनी आणि मी शेजारी बसून रोट्या लाटायचो, मग वाढायलाही उठायचो. लंगरात कुणाला नाही म्हणता येत नाही. पण बचनी टोपली घेऊन वाढत वाढत अजायबपाशी आली की थांबायची. मी पुढं होऊन टोपली घ्यायची आणि त्याला वाढायची. दोन हात पसरून तो रोटी घ्यायचा, वर बघायचा नाही. टोपली मी पुन्हा बचनीच्या हातात द्यायची. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. मला वाटायचं मी दोघांवर उपकार करते.

अजायबचं बसस्टँडपाशी पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. लग्न केलं नाही. बोलायला तिखट, आणि स्वतःवरच जास्त. त्या ज्येष्ठातल्या संगरांदेला त्यानं बिल्ला देऊन जोडे घेतले, पायात घालायला वाकला आणि तसाच थांबला.

"आत्या, पॉलिश झकास. एवढ्या पॉलिशवर अजून माझं लग्न ठरेल. पण ही गादी कुणी घातली?"

जोड्यात बोटं घालून त्यानं करड्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा काढला. टाचेच्या मापाचा, कडा नीट तासलेल्या. मी फुशारून म्हणाले, "तुझ्या फुफ्फडजींनी. त्यांना बघवत नाही तू लंगडतोस ते."

"कुठल्या जोड्यात घातलीय?"

"डाव्या."

"आणि मी लंगडतो कुठल्या पायानं?"

"उजव्या."

"सगळं गाव तेच म्हणतं. मी उजवीकडं झुकतो, कारण सगळा भार त्या पायावर टाकतो. मोडलाय डावा. मांडीचं हाड आखूड बसलं. ज्यानं ते बसवलं तो वैदू मेला, आणि मी कुणाला सांगितलं नाही. मिरवण्यासारखं काय आहे त्यात. मग हे माहीत असलेला एकच माणूस उरतो, ज्यानं माझ्या मांड्यांवर लाकडी रूळ फिरवला. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, आत्या. त्याच्या नव्हती."

हे सगळं तो हळू आवाजात म्हणाला, मागं उभ्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून. आत फडक्याचा आवाज थांबला. अजायबनं खिडकीत डोकं घातलं.

"फुफ्फडजी, भांडायला नाही आलो. भांडण करायचं वय गेलं आपलं. एकच सांगा. रेशमचं नाव मी घेतलं का? मी खूप नावं घेतली एवढं आठवतं. कुणाकुणाची ते आठवत नाही. त्यात त्याचं होतं का?"

मोहकम वळला नाही. त्याची पाठ मला दिसत होती. ती पाठ मी इतकी वर्षं बघत आले, पण त्या वेळी ती मला अनोळखी माणसाची वाटली.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"बरं," अजायब म्हणाला. त्यानं नमद्याचा तुकडा माझ्या बिल्ल्यांच्या थाळीत ठेवला, जोडे घातले आणि उजवीकडं झुकत निघून गेला.

त्या दिवशी लंगरात मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले. दुपारी मोहकम आला. मी चहा ठेवला, दूध ओतलं, आणि चहा ओतून द्यायच्या आत विचारलं, "तू होतास का तिथं?"

"होतो."

"त्यानं घेतलं का नाव?"

त्यानं कपाळावरचा घाम पगडीच्या कडेनं पुसला. मग एकदा सुरू झाला तो थांबलाच नाही. जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होता.

"अजायबनं पुष्कळ नावं दिली. पहिलं नाव दिलं त्याच्या आज्याचं. मग शाळेतल्या मास्तरांचं. मग कुणी एक गवंडी. आम्ही गाडी पाठवायचो तर लोक म्हणायचे, तो तर कधीच वारला. सगळी मेलेली माणसं, प्रकाशो. रूळ फिरत होता, वर दोन शिपाई उभे होते, आणि हा पोरगा तशातही मेलेली माणसं निवडून काढत होता. मी असा माणूस दुसरा बघितला नाही. आमचे वरचे साहेब चिडले. मला म्हणाले, सकाळपर्यंत एक जिवंत नाव पाहिजे, नाहीतर तुझंच लिहीन."

"मग?"

"रेशम ठाण्याच्या गेटवर आला होता. त्याच दिवशी. पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन. म्हणाला, फुफ्फडजी, अजायबला एवढं द्या, आणि त्याला सांगा घरी सगळं ठीक आहे. बाकी कुणाला गेटजवळ यायची हिंमत नव्हती. तो आला, कारण आत आपला माणूस आहे." तो थांबला. "मी साहेबांना त्याचं नाव दिलं. दुसरं सुचलं नाही."

चहा उतू गेला. मी बघत राहिले, शेगडी बंद करायचं भान राहिलं नाही.

"आणि मला येऊन सांगितलंस की अजायबनं तोंड उघडलं."

"साहेबांनीच तसं पसरवायला सांगितलं. लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडावा म्हणून. मी तुला सांगितलं. तू पसरवलंस."

तेवढं त्यानं बोलायला नको होतं, पण बोलला ते खरंच होतं. मला राग आला आणि राग आला की मी हातातलं शेवटचं हत्यार काढते. माझ्याकडं एक होतं. कोणी पोलिसांना शिव्या द्यायला लागलं की मी ते काढायची. "आणि ती पिशवी?" मी म्हणाले. "बसस्टँडवरच्या बाकड्याखालची? बाँब होता तिच्यात. शाळेची पोरं होती, बाया होत्या. तो पकडलेला माणूस बोलला म्हणून सगळी वाचली ना? रूळ नसता तर बोलला असता का तो?"

मी हे बचनीलासुद्धा ऐकवलं होतं. तिचा पोरगा गेला होता आणि मी तिला सांगत होते की पोलिसांना असं करावं लागतं, त्यामुळं माणसं वाचतात.

मोहकमनं शेगडी बंद केली.

"तो खुर्चीवर बसल्या बसल्या बोलला," तो म्हणाला. "त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. चहा मागवला होता मी. त्यानं विचारलं, किती वाजले, आणि रडायलाच लागला. त्याची बहीण त्याच स्टँडवरून सासरी जायची होती. पिशवी कुठं आहे ते सांगून तो म्हणाला, पळा. पण साहेबांनी वर कळवलं की कसून चौकशी केल्यावर बोलला. आम्हाला शाबासकी मिळाली. मग आम्ही सगळ्यांना तेच सांगायला लागलो, आणि सांगता सांगता मलाही तेच खरं वाटायला लागलं. पुढं ज्याला ज्याला आडवं पाडलं, त्याच्या वेळी मी मनात म्हणायचो, ती पिशवी आठव."

"आणि तो बोलला नसता तर?" मी विचारलं. मला कुठंतरी पाय टेकवायला जागा हवी होती.

"तर फिरवला असता रूळ. आणि त्यानं कुठली तरी पिशवी सांगितली असती. संपावं म्हणून माणूस काहीही सांगतो. अजायब तेवढा निराळा निघाला, आणि त्याची आम्ही ही गत केली."

तो म्हणाला, आता सांगून टाकायचं मनात आहे. आणि मी काय केलं? मी म्हणाले, नातवाची पोलिसात निवड झालीय, कागद यायचेत, आत्ताच कशाला. मी म्हणाले, या वयात तुला तुरुंगात डबा आणून देऊ का. मी म्हणाले, आता सांगून रेशम परत येणार आहे का?

"रेशम नाही येणार," तो म्हणाला. "अजायब येईल."

"तुला आठवत नाही असं सांगितलंस ना, मग झालं," मी म्हणाले, आणि त्याच्यापुढं चहा आदळला. मला लाज वाटत होती, पण भीती जास्त वाटत होती. त्यानं विषय सोडला. मी मनातून सुटले.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा जोडे पुसायला जाऊ लागला, आणि मी खिडकीत. आषाढाची संगरांद आली. गर्दी दांडगी होती. दर थोड्या वेळानं मोहकम आतून विचारी, "आला का तो जोडा?" अजायबचा, उजवा झिजलेला, डावा नवा दिसणारा. आला नाही. लंगरात बचनी रोटी लाटता लाटता म्हणाली, "आज त्याचं तोंड दिसलं नाही. बरं झालं. आजचा दिवस चांगला जाईल." मी हूं म्हटलं. लाटणं माझ्या हातातून दोनदा निसटलं. बचनी म्हणाली, म्हातारी झालीस.

अजायबनं दुकान विकायला काढलंय, हेही तिथंच कळलं. कोणी म्हणे बहिणीकडं जातोय, कोणी म्हणे दारू धरलीय. घरी मोहकम मला म्हणाला, "माझ्या न आठवण्याचा त्यानं काय अर्थ घेतला ते कळलं ना तुला? नाव घेतलं नसतं तर फुफ्फडजींनी सरळ नाही म्हटलं असतं, असंच वाटलं असणार त्याला. आधी निदान शंका तरी होती." मी म्हणाले, जेव आधी. तो जेवला नाही. अंगणात जाऊन त्यानं जोडे घातले. मी त्याचा हात धरला, चांगला घट्ट धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि अजायबच्या दुकानाकडं गेला. तिथं दारातच एवढंच म्हणाला, पुढच्या संगरांदेला ये. अजायब म्हणाला, कशाला, आता काय शिल्लक आहे? मोहकम म्हणाला, ये.

मग तो पाच जणांकडं गेला. आमच्यात रीत आहे. हातून मोठा दोष घडला तर माणूस संगतीपुढं उभा राहतो, हात जोडून आपल्या तोंडानं दोष सांगतो, आणि अमृत घेतलेले, म्हणजे पंथाची दीक्षा घेतलेले, पाच जण आपसात विचार करून त्याला शिक्षा लावतात. कुणाला भांडी घासायला सांगतात, कुणाला जोडे पुसायला. शिक्षा संपली की माणूस मोकळा. मोहकमला ही रीत माझ्याइतकीच ठाऊक होती.

श्रावणाच्या संगरांदेला मी जोडाघरात बसले नाही. सकाळपासून लंगरात बचनीच्या शेजारी होते. तिला आधी सांगावं असं दहादा तोंडाशी आलं. ती नातीच्या लग्नाचं बोलत होती, लोणच्याचं बोलत होती, मी कणकेचे गोळे करत होते. अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, संपली आणि भोंग्यातून मोहकमचा आवाज आला. आमचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू जातो, शेतातल्या माणसालासुद्धा.

"मी मोहकम सिंग. नोकरीत असताना मी कैद्यांना हाल करून बोलतं करायचो. अजायब सिंगचा पाय मी मोडला. त्यानं रेशमचं नाव घेतलं नाही. त्यानं एकाही जिवंत माणसाचं नाव घेतलं नाही. रेशमचं नाव मी दिलं. तो डबा घेऊन आला होता, आणि माझ्यावर विश्वास ठेवून आला होता. गावाला खोटं मी सांगितलं."

चुलीपाशी सगळ्या बाया थांबल्या. तव्यावरची रोटी जळायला लागली. बचनीनं हात लांब करून ती उलटली.

भोंग्यातून बाबा वर्याम सिंगांचा आवाज आला. पाचांत तेच मोठे. "ही जोड्यांची सेवा तुला कुणी लावली होती?"

"कुणी नाही. माझी मीच घेतली."

"दोष सांगितला नाहीस आणि शिक्षा घेऊन बसलास. तीही सोसवेल तेवढी. लोकांकडून वर कौतुक." जरा वेळ नुसती खरखर ऐकू आली. "उद्यापासून जोड्यांना हात लावायचा नाही. जीव गेलाय, त्याचा निवाडा आमच्या हातचा नाही. तो कोर्टात होतो, तिथं जा आणि हेच बोल. आता पंगतीला बस."

बचनी माझ्याकडं बघत नव्हती. "तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"दोन महिने."

"आणि दोन महिने माझ्याशेजारी रोट्या लाटल्यास."

त्याआधीच्या वर्षांत मी तिला काय काय ऐकवलं, ते तिनं काढलं नाही. ते काढलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

पंगत बसली. अजायब शेवटच्या ओळीत होता, नेहमीसारखा. मोहकम त्याच्या समोरच्या ओळीत, मान खाली. लोक त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून बसले होते. बचनीनं टोपली उचलली. मी सवयीनं मागोमाग गेले. ती अजायबपाशी आली आणि थांबली, तशी मी टोपलीला हात लावला. तिनं टोपली सोडली नाही.

अजायबनं दोन्ही हात पुढं केले होते, डोळे खाली. रोटी पडली नाही म्हणून त्यानं वर बघितलं.

"रेशमला कडक लागायची," बचनी म्हणाली. "तुला कशी?"

"कशीही चालेल, बेबे," अजायब म्हणाला. आई म्हणायचा तो तिला, पूर्वी. बचनीनं टोपलीत शोधून एक कडक रोटी काढली आणि त्याच्या हातांवर ठेवली. मग आणखी एक. आणि डोक्यावरून हात फिरवला, पगडी हलू न देता.

मग ती वळली. सगळी पंगत घास थांबवून बघत होती. मोहकमनं हात पुढं केले नाहीत. बचनी उभी राहिली. लंगरात वाढणारा पुढं जात नाही, समोरच्यानं हात पसरेपर्यंत. शेवटी त्यानं पसरले. तिनं त्यावर दोन रोट्या ठेवल्या, जशा सगळ्यांना ठेवतात तशाच. शिवी नाही, शब्द नाही. तिनं शिवी दिली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

"बस," ती मला म्हणाली.

"मी वाढते ना, बचनी. आण ती टोपली."

"बस, प्रकाशो. आज तुलाही वाढते."

मी मोहकमच्या शेजारी, त्या मोकळ्या जागेत बसले. दोन्ही हात पसरले. रोटी गरम होती, मीच लाटलेली असावी, कड जरा जाड राहिली होती.

लंगरातलं अन्न टाकून उठायचं नाही, हे आम्हाला चालायला यायच्या आधी शिकवतात. ओळी एकेक करून रिकाम्या झाल्या. अजायबही उठला, ताट घेऊन गेला. आम्ही दोघं बसून होतो. घास खाली उतरत नव्हता आणि ताटात ठेवताही येत नव्हता. बचनी टोपली घेऊन आमच्यासमोर उभी होती, आणखी हवी का विचारायला.